दादाचं कुलूप

पोस्ट मोठी आहे. विषय कम्प्युटरचा आहे, पण कम्प्युटरवाल्यांपुरता नाही. कुठल्याही कारखान्यात, ऑफिसात नाहीतर वर्तमानपत्रात नोकरी केली असेल, तर शेवटपर्यंत वाचा.

गेल्या महिन्यात क्रांती चौकात कंत्राटी कामगारांचं धरणं होतं. आमच्यासारख्या तालुक्याच्या पत्रकाराला क्रांती चौक म्हणजे दुसरं ऑफिसच. १८५७ च्या बंडातल्या शिपायांना जिथे मृत्युदंड दिला तो काळा चबुतरा इथला. ९ ऑगस्ट २०१६ ला मराठा क्रांतीचा पहिला मूक मोर्चा निघाला तोही इथूनच. ज्याला काही मागायचंय तो इथे येऊन बसतो. मी फोटो काढले, दोघा-तिघांची प्रतिक्रिया घेतली, आणि उड्डाणपुलाखाली चहाला थांबलो. कारण साडेसहाला दादा येणार होता.

दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. वय बावन्न. वाळूजला एका छोट्या कारखान्यात ड्राफ्ट्समन आहे. इलेक्ट्रिक पॅनेलचे पत्र्याचे डबे बनवतात तिथे. कंपनीची बस त्याला क्रांती चौकात सोडते, मग तो गारखेड्याला घरी जातो. त्या दिवशी बसमधून उतरला तेव्हा चेहरा उतरलेला. चहा हातात घेतला, पण प्यायला नाही. खिशातून पेन ड्राइव्ह काढून माझ्यासमोर धरला.

"मालक म्हणतो, कुलूप उघडून दे. नाहीतर बघू म्हणतो."

"बघू म्हणजे?"

"तू पत्रकार आहेस ना? मग बघू म्हणजे काय ते तुला कळायला पाहिजे."

आता हे कुलूप कसलं, ते सांगतो. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

दादाने आयटीआय केलं आणि १९९४ ला कामाला लागला. तेव्हा लाकडी बोर्ड, टी-स्क्वेअर, ट्रेसिंग पेपर आणि चुकलं की ब्लेडने खरवडणं. १९९८ ला कारखान्यात कम्प्युटर आला आणि त्यावर ऑटोकॅड. दादा संध्याकाळी क्रांती चौकाजवळ दुसऱ्या मजल्यावरच्या एका क्लासला जायचा. तिथल्या सरांनी एक दिवस सांगितलं, की ह्या सॉफ्टवेअरच्या पोटात एक भाषा आहे, तिचं नाव लिस्प. ती आली तर सॉफ्टवेअर तुमचं ऐकेल. सरांकडच्या पुस्तकाची झेरॉक्स काढली. आई म्हणायची, हा रात्री एवढे कंस कसले मोजतोय?

लिस्प ही भाषा दादापेक्षाही वयाने मोठी. अमेरिकेत एमआयटीमध्ये जॉन मॅकार्थी यांनी १९५८ च्या सुमारास ती रचायला घेतली आणि १९६० मध्ये तिच्यावरचा निबंध प्रसिद्ध केला. आज वापरात असलेल्या भाषांमध्ये तिच्याहून जुनी म्हणावी अशी फोरट्रानच, ती १९५७ ची. लिस्पमध्ये सगळं कंसात लिहितात आणि क्रियापद आधी येतं. आपण मराठीत "दोन, तीन आणि पाच यांची बेरीज कर" म्हणतो. लिस्पमध्ये (+ २ ३ ५). आधी काय करायचं ते, मग कशाचं. एवढं कळलं की निम्मं व्याकरण संपलं.

पण तिची खरी ताकद वेगळीच आहे. लिस्पमध्ये माहितीसुद्धा यादी आणि प्रोग्रामसुद्धा यादीच. त्यामुळे प्रोग्राम दुसरा प्रोग्राम लिहू शकतो, आणि वापरणारा माणूस भाषेत स्वतःचे शब्द भरू शकतो. भाषा बनवणाऱ्याने दिलेले शब्द आणि तुम्ही भरलेले शब्द यांत पंक्तिभेद नाही. मोठ्या लिस्पमध्ये तर भाषेचं व्याकरणही वाकवता येतं. ऑटोकॅडने १९८६ मध्ये ऑटोलिस्प नावाने तिची छोटी आवृत्ती आपल्या पोटात घेतली. ती वाकवायला तेवढी मोकळी नाही, पण एक गोष्ट तिने दिली. तुम्ही नवी आज्ञा लिहा, तिला नाव द्या, आणि ती लाइन, सर्कल या कंपनीच्या आज्ञांच्या शेजारी जाऊन बसते.

आमच्या दादाने काय केलं? त्याने मराठी आज्ञा बनवल्या. डबा. झाकण. बिजागरी. जाळी. रोमन अक्षरात टाइप करायच्या, पण शब्द आपले. डबा टाइप करून एंटर मारलं की कम्प्युटर विचारणार: उंची किती, रुंदी किती, खोली किती, पत्रा किती मिलिमीटरचा? चार आकडे दिले की सपाट पत्र्याचं ड्रॉइंग तयार. कुठे कापायचं, कुठे वाकवायचं, भोकं कुठे, सगळं. हातानं जे काम अर्धा दिवस घ्यायचं ते एका मिनिटात. अमेरिकेतलं सॉफ्टवेअर वाळूजमध्ये मराठी ऐकत होतं, आणि ते एका आयटीआयवाल्यानं करून दाखवलं होतं. इंजिनिअर नाही, इंग्रजी जेमतेम. मला विचाराल तर ह्या भाषेचं सगळ्यात मोठं मोठेपण हेच. परवानगी न मागता सामान्य कारागिराला आपलं हत्यार स्वतः घडवू देते.

आता दुसरी बाजू.

ही भाषा चुकलं तर ओरडत नाही. ऑटोलिस्पमध्ये पाचाला दोनाने भागलं तर अडीच येत नाही, दोन येतात. अडीच हवे असतील तर ५.० असं दशांश लावून लिहावं लागतं. पहिल्या वर्षी दादाचे दोन पत्रे ह्याच अर्ध्या मिलिमीटरने वाया गेले. दुसरं, एका प्रोग्राममधलं नाव तुम्ही मुद्दाम बांधून ठेवलं नाही, तर ते सगळीकडे मोकाट फिरतं. डब्यातली उंची जाऊन जाळीच्या हिशेबात बसते, आणि स्क्रीनवर कुठेच लाल अक्षर दिसत नाही. तिसरं, जे दार घरच्यासाठी उघडं ते चोरासाठीही उघडं. जुनं ऑटोकॅड ड्रॉइंगच्या फोल्डरमध्ये ठरावीक नावाची लिस्प फाइल दिसली की न विचारता चालवायचं. २०१२ मध्ये ईसेट या कंपनीने असाच एक किडा उघडकीला आणला. तो मुख्यतः पेरू देशात पसरला होता आणि लोकांची हजारो ड्रॉइंग ईमेलने चीनमधल्या खात्यांवर पाठवत होता. त्यानंतर २०१४ च्या आवृत्तीपासून ऑटोकॅड विचारायला लागलं, की ह्या फोल्डरवर विश्वास ठेवू का?

ह्या सगळ्यावर उपाय आहेत आणि दादा ते शिकला. सगळ्यात मोठा दोष मात्र त्याला आणि मलाही उशिरा कळला.

अवघड भाषेत मोठं काम करायचं तर चार माणसं लागतात. चार माणसं आली की नियम येतात, टिपणं येतात, एकाचं दुसरा तपासतो. लिस्पमध्ये एकटा माणूस चौघांचं काम करतो. म्हणून दुसरा कुणी लागतच नाही. आणि दुसरा लागत नाही म्हणून दुसरा कुणी कधी वाचत नाही. बघता बघता त्या माणसाची स्वतःची बोली तयार होते, आणि ती बोलणारा जगात एकच असतो.

मागच्या वर्षी आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला दादा चार दिवस रजेवर होता. नेमकं त्याच आठवड्यात कारखान्यात नवीन बेंडिंग मशीन आलं. नव्या पोराने नेहमीसारखं डबा टाइप केलं, ड्रॉइंग निघालं, पत्रे कापले, वाकवले. छत्तीस डबे. एकाचंही दार नीट बसेना, बिजागरीची भोकं जुळेनात.

कारण? दोन मिलिमीटरचा पत्रा काटकोनात वाकवला की तो वाकताना थोडा ताणला जातो. म्हणून बाहेरच्या मापांच्या बेरजेतून प्रत्येक वाकाला साधारण साडेतीन मिलिमीटर वजा करावे लागतात. नेमके किती, ते मशीनच्या डायवर ठरतं. दादाने जुन्या मशीनवर मोजून ३.६ हा आकडा काढला होता आणि प्रोग्राममध्ये लिहून टाकला होता. नव्या मशीनचा आला ३.२. एका वाकाला ०.४ चा फरक, एका बाजूला चार वाक, म्हणजे दीड मिलिमीटरच्या वर गेलं. हा ३.६ तिथे आहे, आणि तो जुन्या मशीनचा आहे, हे जगात एकाच माणसाला माहीत होतं. तो दवाखान्याच्या बाकावर बसला होता.

पोराने फाइल उघडून बघायचा प्रयत्न केला होता. उघडली नाही. कारण दादाने तिला कुलूप लावलं होतं.

लिस्पची मूळ फाइल साधी, वाचता येईल अशी असते. पण तिची बंदिस्त प्रत बनवता येते. ती चालते, पण वाचता येत नाही. दादाकडे मूळ फाइली घरी होत्या आणि कारखान्याच्या कम्प्युटरवर फक्त बंदिस्त. आता मालकाने पैसे वाचवायला दुसऱ्या कंपनीचं स्वस्त सॉफ्टवेअर घेतलंय. त्याला लिस्प समजते, पण ऑटोकॅडमध्ये बंद केलेल्या फाइली ते चालवत नाही. म्हणून मालकाला कुलूप उघडून पाहिजे.

मी चहाच्या टपरीवर विचारलं, "दादा, पण कुलूप लावलंसच कशाला?"

तो समोरच्या मांडवाकडे बघून म्हणाला, "ह्यांना विचार की. ह्यांच्याकडे कुलूप असतं तर हे इथे बसले असते का?"

आणि मग त्याने २००९ सांगितलं. जगभर मंदी होती, वाळूजमध्ये शिफ्ट कमी झाल्या होत्या. त्यांच्याकडे तीन ड्राफ्ट्समन होते. त्यातला एक सगळ्यांना मन लावून शिकवायचा. स्वतःच्या वहीत सगळं लिहून ठेवायचा, कुणालाही द्यायचा. पहिला तो गेला. कारण त्याच्यावाचून काही अडत नव्हतं. त्याच रात्री दादाने फाइली बंद केल्या.

मी काही बोललो नाही. बोलायला तोंडही नव्हतं. पत्रकारितेचा डिप्लोमा करून वीस वर्षं झाली. कुठल्या खात्यात कोण खरं बोलतो, कुठला क्लार्क कागद दाखवतो, ते सगळं माझ्या फोनमध्ये आणि डोक्यात. नवीन आलेल्या पोरांना मी त्यातला एक नंबर तरी दिला का? लॉकडाऊनमध्ये आजूबाजूचे सहकारी घरी बसले तेव्हा तर मी डायरी कपाटात ठेवून किल्ली खिशात घातली. दादाचं कुलूप लिस्पचं, माझं गोदरेजचं. एवढाच फरक.

मालक वाईट माणूस नाही. त्याचं म्हणणं सरळ आहे: पगार माझा, कम्प्युटर माझा, मग फाइल तुझी कशी? कायदाही बराचसा त्याच्या बाजूने आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे नोकरीच्या ओघात केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. कम्प्युटर प्रोग्रामही त्यात येतो. पण कायदा फाइल मिळवून देईल. ३.६ का, हे कायद्याला दादाच्या डोक्यातून काढता येणार नाही.

आणि ही एका कारखान्याची अडचण नाही. एप्रिल २०२० मध्ये कोरोनाच्या काळात अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या गव्हर्नरांना जाहीर आवाहन करावं लागलं, की कोबोल जाणणारे स्वयंसेवक पाहिजेत. बेकार भत्त्याचे अर्ज ढिगाने येत होते, आणि सरकारी यंत्रणा चालत होती १९५९ सालच्या भाषेवर. पॉल ग्रॅहम यांनी वायावेब हे ऑनलाइन दुकानांचं सॉफ्टवेअर लिस्पमध्ये लिहिलं आणि त्या जोरावर स्पर्धकांना मागे टाकलं. १९९८ मध्ये ते याहूने विकत घेतलं, आणि काही वर्षांनी दुसऱ्या भाषांमध्ये नव्याने लिहून काढलं. आपल्याकडे तर प्रत्येक गावात एक लाइनमन असतो. कुठला व्हॉल्व्ह कुठल्या गल्लीत गाडलाय ते फक्त त्याला माहीत. तो रिटायर झाला की गाव तहानलेलं आणि रस्ता खोदलेला.

म्हणून मला वाटतं, "जुनी भाषा फेकून द्या, नवीन आणा" हा ह्यावरचा उपाय नाही. नवीन आणली तरी माणूस तोच आणि भीतीही तीच. दादाच्या प्रोग्राममध्ये खोट एकच आहे, त्याला कोश नाही.

कोश हा शब्द मला तिथेच सुचला. क्रांती चौकात मान वर केली की महाराजांचा पुतळा दिसतो. महाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमारास राज्यव्यवहारकोश करून घेतला. दरबारात फारसी शब्द रुळले होते, त्यांना आपले शब्द दिले. पण नुसते शब्द बनवून सोडले नाहीत. कुठल्या शब्दाच्या जागी कुठला, हे लिहून ठेवायला लावलं, म्हणजे उद्या गादीवर बसणारा नवा कारकूनही तेच वापरू शकेल. शब्द घडवणं ही अर्धी कामगिरी. तो दुसऱ्याला वापरता येईल असा लिहून ठेवणं ही उरलेली अर्धी. दादाने पहिली फार सुंदर केली. दुसरी केली नाही, कारण दुसरी करणाऱ्याला त्याने डोळ्यांदेखत घरी जाताना बघितलं होतं.

हे मी त्याला म्हटलं. तो हसला. म्हणाला, "महाराजांनी कोश लिहिणाऱ्याला दुसऱ्या दिवशी काढून टाकलं नव्हतं."

खरं आहे. म्हणून आम्ही दोघांनी मिळून मालकाला एक अर्ज लिहिला. अर्ज लिहिणं एवढं तरी मला येतं. त्यात तीन गोष्टी आहेत. एक, दादा सगळ्या मूळ फाइली टिपणांसकट देईल. दोन, त्या बदल्यात त्याला निवृत्तीपर्यंतची नोकरी आणि शिकवण्याची जबाबदारी लेखी मिळावी. तीन, ज्याला शिकवायचं तो मुलगा कंत्राटी नको, कायम पाहिजे. कारण कंत्राटी पोरगा शिकला, की त्यालाही कुलूप लावावंसं वाटणार.

मालकाने पहिल्या दोन मान्य केल्या, पण लेखी अजून दिलेलं नाही. तिसरीवर "बघू" म्हणालाय.

दादाने मात्र लेखी मिळायची वाट न बघता सुरुवात केलीय. मी म्हणालो, थांब की. तर म्हणाला, "त्या छत्तीस डब्यांचा ढीग अजून शेडच्या मागं पडलाय. रोज जेवायला जाताना दिसतो."

गेले तीन रविवार आम्ही दोघं गारखेड्याला त्याच्या टेबलावर बसतोय. लिस्पमध्ये ओळीच्या आधी अर्धविराम टाकला, की कम्प्युटर ती ओळ सोडून देतो. ती फक्त माणसासाठी असते. दादाच्या मूळ फाइलींमध्ये अशी ओळ जवळजवळ नव्हतीच. २०२१ च्या आवृत्तीपासून ऑटोलिस्पमध्ये देवनागरीही लिहिता येते. नव्या सॉफ्टवेअरमध्येही ती नीट दिसते, ते तपासून घेतलं. दादा एकेक आज्ञा समजावतो, मी न समजणाऱ्याचं काम करतो. मला कळलं नाही की तो पुन्हा लिहितो. अकरा आज्ञा झाल्या, सव्वीस राहिल्यात.

मालक सही करेल का, मला माहीत नाही. दादाला उद्या "बघू" म्हणून घरी बसवलं, तर ही पोस्ट लिहिल्याचं मला वाईट वाटेल. पण मी माझी डायरी काल कपाटातून काढली आणि आमच्याकडच्या नवीन मुलीला पाच नंबर दिले. सुरुवात म्हणून.

तुमच्याकडे असं कुलूप असेल तर ते कशाच्या भीतीने लावलंय, ते कमेंटमध्ये लिहा. आणि तुम्ही मालक असाल, अधिकारी असाल, संपादक असाल, तर किल्ली मागण्याआधी समोरच्याची नोकरी कागदावर पक्की करा.

डब्याच्या फाइलमध्ये दादाने लिहिलेली पहिली ओळ इथे देतो:

; ३.६ हा जुन्या मशीनच्या डायचा आकडा आहे. मशीन बदललं तर आधी एक डबा वाकवून मोजा, मग हा बदला. शंका आली तर मला फोन करा, मी नसलो तरी मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका.